ब्रूस लीचा भाऊ

ओझरच्या विघ्नहर गणपतीला दुर्वांची जुडी वाहायची तर ती एकवीस दुर्वांची. निवडून, मुळं धुऊन, पांढऱ्या दोऱ्यानं बांधून ती जुडी भाविकांच्या हातात द्यायची, हा आम्हा पोरांचा धंदा. भांडवल शून्य, कारण दुर्वा बांधाच्या कडेला फुकट. चतुर्थीला जुडी दहा पैशाला जायची. मुंबईचे भाविक न मोजता घ्यायचे, पुण्याचे मोजून. एका गृहस्थांनी तर जुडी सोडून मोजली आणि वीसच भरल्या म्हणून अर्धा पैसा परत मागितला. अर्धा पैसा कुठून आणायचा? शेवटी एक दुर्वा उपटून आणून दिली.

एवढ्या कष्टाच्या कमाईवर डल्ला मारला तो ब्रूस लीनं. खरं तर त्यानंही नाही, पण ते पुढं येईल.

आदल्या वर्षी नारायणगावला व्हिडिओवर ‘एन्टर द ड्रॅगन’ पाहिला होता आणि त्यानंतर गावातल्या एकाही पोराच्या अंगात बनियन राहिला नव्हता. खुरप्याच्या दोन मुठी आणि सायकलच्या चेनचा तुकडा जोडून आम्ही ते फिरवायचं हत्यार बनवलं. पहिल्याच फेरीत ते माझ्या कपाळावर बसलं. टेंगूळ पंधरा दिवस टिकलं आणि त्या पंधरा दिवसांत मला वर्गात बराच मान होता. मी झोपेतसुद्धा ‘ऊऽऽ आऽऽ’ करायला लागल्यावर आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

माघी जत्रेत काळ्या कापडाचा तंबू लागला. आत रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि बाहेर धडधडणारा जनरेटर. दारात हातानं रंगवलेला बोर्ड: ‘ब्रूस लीची शेवटची फायटिंग! गेम ऑफ डेथ, भाग २.’ तिकीट दोन रुपये. म्हणजे वीस जुड्या.

आमच्या ओझरला नावाचा मान मोठा. विघ्नासुर हरला, शरण आला आणि देवाला म्हणाला, तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. देवानं ऐकलं, म्हणून इथला गणपती विघ्नेश्वर. खलनायकाचं नाव आधी आणि नायकाचं मागून, असा बोर्ड जगात दुसरीकडं नसेल. पण त्यात फसवणूक नव्हती. गाभाऱ्यात जे नाव, तेच दैवत. त्या सवयीनं आम्ही तंबूच्या बोर्डावरही विश्वास ठेवला.

सोबत चुलतभाऊ होता. त्याला सगळे दादा म्हणायचे. तो दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला, म्हणजे आमच्यापेक्षा तिप्पट इंग्रजी शिकलेला. पिक्चर इंग्रजी असल्यानं समजावून सांगायचं काम आपोआप त्याच्याकडं आलं.

सुरुवातीला ब्रूस ली दिसला आणि तंबूत शिट्ट्या झाल्या. पण थोड्या वेळानं काहीतरी खटकायला लागलं. समोरून दिसला की त्याच्यामागची भिंत बदलायची. पाठमोरा झाला की मान जाड व्हायची. बोलताना तो अंधारात उभा राहायचा, आणि ऐन मारामारीत कॅमेरा त्याच्या डोक्याच्या मागं जाऊन बसायचा.

‘दादा, ह्याचं तोंड का दावत नाय?’

‘लाजतोय.’

मग त्याच्या मित्राची अंत्ययात्रा निघाली. वरून हेलिकॉप्टर आलं आणि चिमट्यानं शवपेटी उचलून निघालं. ब्रूस ली पेटीला लोंबकळला, वर गेला आणि खाली पडून मेला. पिक्चर निम्मासुद्धा झाला नव्हता. तंबूत चिडीचूप.

‘उठंल आत्ता,’ दादा म्हणाला.

तो उठला नाही. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी हाँगकाँगमध्ये वारला होता आणि हा पिक्चर निघाला १९८१ साली. ती बातमी ओझरला पोचलेली नव्हती. आमच्या लेखी तो त्या जत्रेत, आमच्या डोळ्यांदेखत, पेटीवरून पडून गेला.

पुढच्या रिळात एक नवाच तरुण आला.

‘हा कोण?’

‘ब्रूस लीचा भाऊ.’

‘सख्खा?’

‘मंग काय चुलत? बघ की, त्याचं केस तसलंच हायेत.’

‘इतका येळ कुठं व्हता?’

‘शिकायला.’

हिंदी पिक्चरच्या संस्कारांमुळं भाऊ आम्ही पचवला. मेळ्यात हरवलेला नव्हता, एवढंच. खरा घोळ झाला सिंहापाशी. खलनायक गोरा, कच्चं मांस खाणारा, हरणाचं रक्त पिणारा आणि सिंह पाळणारा. रात्री त्यातला एक सिंह भावाच्या अंगावर धावून येतो. आम्ही श्वास रोखला. पुढच्या रांगेत घोंगडी पांघरून एक म्हातारे धनगरबाबा बसले होते. त्यांच्या वाड्यातून बिबट्यानं दोनदा मेंढरू नेलेलं. ते टीव्हीच्या जवळ सरकले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘ह्याचं मागलं गुडघं माणसाचं हायेत.’

तंबू फुटला. खरोखरच ते कातडं पांघरलेलं माणूस होतं. एकदा गुडघे दिसल्यावर सिंह दिसेनाच. नंदीबैलाच्या झुलीत शिरलेला कोणीतरी पोटासाठी उड्या मारतोय, एवढंच दिसायला लागलं. जुन्नर तालुक्यात येऊन, जिथं पोरं उसाच्या सरीतला ठसा बघून बिबट्या कधी गेला ते सांगतात, तिथं असला सिंह दाखवायचा म्हणजे धाडसच. आज त्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. त्या सिंहाला तिथं कोणी आत घेतलं नसतं.

पुढं मोठा झाल्यावर या प्रकरणाची वंशावळ कळली. ब्रूस लीनं १९७२ साली ‘गेम ऑफ डेथ’च्या काही मारामाऱ्या चित्रित केल्या, त्यात सात फुटांवर उंची असलेल्या करीम अब्दुल-जब्बारबरोबरची एक. मग ‘एन्टर द ड्रॅगन’साठी ते काम बाजूला ठेवलं आणि तो गेला. कंपनीनं १९७८ मध्ये उरलेला पिक्चर डुप्लिकेट घेऊन पुरा केला. पडद्यावर ब्रूस लीची खरी मारामारी जेमतेम अकरा मिनिटं. एका दृश्यात तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचा पुठ्ठा चिकटवलाय, आणि अंत्ययात्रा दाखवायला त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण वापरलंय. इथं मला हसू येत नाही. ते सगळं वापरून झाल्यावर, जुन्या पिक्चरमधून काढून टाकलेले तुकडे शिवून भाग दुसरा. गंमत अशी की पहिल्या भागात नायक मेल्याचं सोंग करतो, दुसऱ्यात त्याचा मित्र मेल्याचं सोंग करतो. खरोखर मेलेला एकटाच, आणि त्यालाच जिवंत दाखवायची धडपड.

त्या ‘भावा’चं मात्र मला वाईट वाटतं. किम ते-चुंग नावाचा हा कोरियन नट पहिल्या भागात ब्रूस लीचा डुप्लिकेट होता, दुसऱ्यात भाऊ झाला आणि पुढं ‘नो रिट्रीट, नो सरेंडर’मध्ये थेट ब्रूस लीचं भूत. माणूस चपळ होता. शेवटी जमिनीखालच्या मनोऱ्यात ह्वांग जांग-ली याच्याशी त्याची जी जुंपते, ती आजही बघावी अशी आहे. ह्वांगची लाथ म्हणजे लाथ. पण तोवर आमचा जीव उडाला होता आणि निम्मा तंबू रेवड्या खायला बाहेर गेला होता.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. आजी नारायणगावची. तमाशाचे फड बघत वाढलेली. विठाबाई फडात नाचता नाचता कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट ती आम्हाला रामायणाच्या बरोबरीनं सांगायची. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, ‘म्हंजे नाव एकाचं आन् खेळ दुसऱ्याचा?’

‘व्हय.’

‘आमच्याकडं असं केलं असतं, तर लोकांनी तंबूचं खांब उपटून घरी नेलं असतं.’

खांब उपटायचं धाडस नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं तंबूवाल्याकडं गेलो. दादानं पुढं होऊन निम्मे पैसे परत मागितले. मेलेल्याचे नको, भावाचे तरी द्या, असा त्याचा मुद्दा. तंबूवाला दात कोरत होता. म्हणाला, ‘बोर्डावर ब्रूस ली लिवलंय. पिक्चरमदी ब्रूस ली हाय का नाय?’

‘हाय.’

‘शेवटची फायटिंग लिवलंय. त्याच्यानंतर त्यानं केली का?’

दादा गप्प झाला. दोनदा नापास होऊनही याचं उत्तर त्याला आलं नाही.

परत येताना बांधाच्या कडेला बसून मी हिशेब केला. तिकीट दोन रुपये, जुडी दहा पैशाला, जुडीत दुर्वा एकवीस. त्या एका तिकिटापायी एकूण दुर्वा किती गेल्या, तो गुणाकार तुम्हीही एकदा करून बघा.