गुपितं घेऊन बेटावर

शहरात लपवलेलं बेटावर फुटतं, आणि तेही उन्हाळ्यात. लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी हा नियम इतका पाळलाय की बोटीच्या तिकिटामागे छापायला हरकत नाही.

‘शर्ली व्हॅलेंटाइन’ (१९८९) घ्या. लिव्हरपूलची ही गृहिणी अंडी-चिप्स करता करता स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोलते. पुढे मायकोनोस या ग्रीक बेटावर जाते आणि परतायचं विमान सोडून तिथेच राहते. भिंतीचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

‘मामा मिया!’मध्ये (२००८) तर लेक आईची जुनी डायरी वाचून तीन संभाव्य बापांना लग्नाचं गुपचूप आमंत्रण धाडते. आपल्याकडे एवढ्यावर चार पिढ्यांचा अबोला झाला असता. इथे गाणी होतात. कथेतल्या बेटाचं नाव कालोकायरी, म्हणजे ग्रीक भाषेत चक्क ‘उन्हाळा’. चित्रीकरण बरंचसं स्कोपेलोस बेटावर झालं. खरा बाप कोण, हे शेवटपर्यंत ठरत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

अगाथा ख्रिस्तीबाईंनी मात्र १९३९ मध्येच एका कादंबरीत हा पाहुणचार उलटा करून दाखवला होता. दहा अनोळखी माणसं, ऑगस्ट महिना, एकाकी बेट. जेवणं उरकली, आणि ग्रामोफोनच्या तबकडीने एकेकाचं पाप नावानिशी वाचून दाखवलं. दुसरी संधी? एकालाही नाही.

हल्ली संधीला दरही आहे. जुलै २०२५ पासून ऐन हंगामात क्रूझने मायकोनोस किंवा सांतोरिनीवर उतरणाऱ्याला माणशी २० युरो मोजावे लागतात. सोबतच्या गुपितांचा आकार वेगळा लावत नाहीत, अजून तरी.