गिअर ऑइल व ब्रेक ऑइल यांना सेवामुक्तीचे खुले पत्र

प्रति,
गिअर ऑइल, डिफरेन्शल ऑइल व ब्रेक ऑइल,
मुक्काम : एक जुनी पिकअप, नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

विषय : नियत वयोमान केव्हाच उलटून गेल्यामुळे सेवेतून मुक्त करण्याबाबत.

संदर्भ : गाडीसोबत मिळालेली व आजतागायत न उघडलेली मालकपुस्तिका.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की,

१. पिकअपच्या सेवेतील सर्व ऑइलांपैकी वेळच्या वेळी बदली फक्त इंजिन ऑइलची होते. त्याला डिपस्टिक आहे, काळे पडले की ते बोटाला लागते, आणि गॅरेजवाला त्याची आठवणही करून देतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शल यांना डिपस्टिक नाही. ब्रेक ऑइलची टाकी बॉनेट उघडताच दिसते, पण ती फक्त पातळी सांगते, प्रकृती सांगत नाही. परिणामी ‘गळत नाही, म्हणजे ठीक आहे’ या एकमेव निकषावर तिघांनाही वर्षानुवर्षे मुदतवाढ मिळत आली. या काळात कृष्णाकाठची वांगी, उसाचे बियाणे आणि खव्याचे डबे यांची वाहतूक विनातक्रार पार पडली, याची कृतज्ञतापूर्वक नोंद घेण्यात आली आहे. तक्रार न करणे हाच सदर ऑइलांवरील मुख्य ठपका आहे.

२. गिअर ऑइलकडे तीन कामे सोपवलेली असतात : दातांमध्ये थर राखणे, उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत पोचवणे आणि गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगांना नेमकी पकड मिळू देणे. उष्णतेने ते हळूहळू ऑक्सिडाइज होते, त्यातील संरक्षक रसायने खर्ची पडतात आणि झिजलेल्या धातूची पूड त्यात तरंगत राहते. मग थंडीच्या सकाळी दुसरा गिअर अडतो, तिसऱ्यात घरघर येते आणि चालक टेपचा आवाज वाढवतो. काही ठिकाणी ९० नंबरच्या जागी १४० नंबर ओतून गिअरबॉक्स गप्प केला जातो. जाड ऑइलने आवाज दबतो, झीज भरून येत नाही.

३. रिक्त पदावरील नेमणूक पुस्तिकेतील श्रेणीनुसारच करावी. जुन्या पिकअपच्या हाती बदलायच्या गिअरबॉक्ससाठी बहुधा ८०डब्ल्यू-९० जाडीचे जीएल-४ दर्जाचे, तर डिफरेन्शलसाठी जीएल-५ दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने अधिक असतात. डिफरेन्शलमधल्या क्राउन-पिनियनच्या घासून फिरणाऱ्या दातांना ती हवीच, पण गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्यांतली काही बाधू शकतात. ‘पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून माल वरचा’ हा युक्तिवाद दुकानात चालतो, गिअरबॉक्समध्ये चालत नाही.

४. नृसिंहवाडी हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील गाव असल्याने येथे एक स्थानिक बाब विचारात घेणे आवश्यक आहे. पावसाळ्यात पाणी दत्तमंदिरात शिरते. ते पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्यात स्नान करतात. हे पुण्य डिफरेन्शलच्या वाट्याला येऊ नये, अशी यंत्रशास्त्राची विनंती आहे. गिअरबॉक्स व मागच्या हाउसिंगला हवेचा दाब समतोल ठेवण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी वाट असते. धावून तापलेले हाउसिंग पुराच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आक्रसते आणि त्या वाटेने, किंवा झिजलेल्या सीलमधून, पाणी आत ओढले जाते. अशा गाडीचा नट खोलल्यावर वाडीच्या बासुंदीशी बरोबरी करणारा दाट, दुधाळ पदार्थ बाहेर येतो. तो ऑइल आणि पाणी यांचा घोळ असून बेअरिंगला गंज चढवतो. २००५, २०१९ किंवा २०२१ सारख्या महापुरात गाडी उभी बुडाली असेल, तर किलोमीटरचा हिशेब न पाहता सर्व ऑइले तत्काळ बदलावीत आणि ब्रीदरही साफ करावा.

५. गिअर ऑइलला निरोप देण्याची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे राहील. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करावे. कोमट ऑइल गाळासकट उतरते. गाडी सपाट जागी घ्यावी. उचलायची झाल्यास ती स्टँडवर टेकवावी आणि चाकांना ओंडके लावावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर भिस्त ठेवून खाली शिरणाऱ्याची सेवा ऑइलाआधीच संपुष्टात येऊ शकते. त्यानंतर आधी वरचा, म्हणजे भरण्याचा नट सैल करावा आणि मगच खालचा. हा क्रम उलटला आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा, नवे ऑइल डब्यात आणि गाडी जागेवर, अशी परिस्थिती उद्भवते. खालच्या नटावर लोहचुंबक असल्यास त्यावरचा मऊ, काळा लेप ही नेहमीची झीज समजावी. दाताचा तुकडा सापडल्यास प्रकरण ऑइलाच्या अखत्यारीबाहेर गेले असे धरावे. नटाचा वॉशर नवा घालून, वरच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत ऑइल भरावे. त्याहून जास्त भरलेले सीलमधून परत येते. डिफरेन्शललाही हाच क्रम लागू आहे.

६. ब्रेक ऑइलचे प्रकरण अधिक गंभीर आहे. नाव ऑइल असले तरी हा सामान्यतः ग्लायकॉल इथरवर आधारित द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. टाकीचे झाकण आणि रबरी होज यांतून तो ओलावा महिनोन्महिने आत झिरपतो. ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर १४० अंशांपर्यंतची घसरण मानकाला मान्य आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वाडी ते शिरोळ या सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो भाजीच्या क्रेटांनी भरलेली पिकअप आंबा घाटातून रत्नागिरीकडे किंवा करूळ घाटातून वैभववाडीकडे उतरताना, विशेषतः डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकलेला असताना. ब्रेक सतत दाबल्याने तापतात, ओलसर द्रव उकळतो आणि नळ्यांत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत न जाता बुडबुड्यांत जिरतो आणि पेडल फळीला टेकते. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

७. नव्या ब्रेक ऑइलची निवड टाकीच्या झाकणावर छापलेल्या दर्जानुसार करावी. डॉट ५ हा सिलिकॉनचा द्रव असून तो डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये. पातळी कमी दिसली म्हणून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतल्यास आतली रबरी वायसरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सर्वच बदलावे लागते. गॅरेजच्या फळीवर गेल्या दत्तजयंतीपासून उघडी असलेली अर्धी बाटली वापरणे म्हणजे निवृत्ताच्या जागी निवृत्ताचीच नेमणूक होय.

८. जुना द्रव काढून नवा भरणे व ब्रेकची एअर काढणे ही दोन माणसांची कामे आहेत. टाकीतला काळपट द्रव सिरिंजने उपसून नवा भरावा. काम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाकडून सुरू करावे. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम येतो. चाकाजवळच्या, एअर काढण्याच्या गंजलेल्या निपलला आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल लावावे आणि पकडीऐवजी रिंग पाना वापरावा. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक द्रवात बुडवावे. मग एकाने खालून ‘दाब, धर’ म्हणावे, निपल उघडून बंद करावा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव येईपर्यंत हे चालू ठेवावे व टाकी कधीही तळाला जाऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल पूर्ण खाली गेल्यास वायसरे सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतात. मागच्या अ‍ॅक्सलवर वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असल्यास मागची चाके अधांतरी ठेवू नयेत, नाहीतर तो द्रवाची वाट अडवतो. रंगावर सांडलेला द्रव रंग उचलतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुवावा. शेवटी पेडल घट्ट लागते याची खात्री करूनच गाडी मोकळ्या, सपाट जागी हळू चालवून पाहावी.

९. सेवामुक्त ऑइलांनी आपली पुढील व्यवस्था स्वतः लावू नये. सेंट्रिंगच्या फळ्या, गोठ्याच्या खांबांची वाळवी आणि गावचा ओढा ही त्यांची परंपरागत पुनर्वसन केंद्रे यापुढे बंद समजावीत. ओढ्यातले सर्व काही शेवटी संगमावरच पोचते. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते झाकणाच्या कॅनमध्ये, ब्रेक ऑइल वेगळे ठेवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

मालकाच्या आदेशावरून व मेकॅनिकच्या आग्रहास्तव.

प्रत माहितीसाठी :
१) हायड्रॉलिक क्लच : त्यातही ब्रेक ऑइलच असल्याने हाच आदेश लागू.
२) रेडिएटरमधील कूलंट : सेवापुस्तक तयार ठेवावे.