दाढेला १५ वर्षं, बाकी देवाच्या हवाली

आमच्या आईच्या दाढेला १५ वर्षांची वॉरंटी मिळाली आहे. आई ७८ वर्षांची आहे. म्हणजे ती ९३ वर्षांची होईपर्यंत उजवीकडच्या खालच्या दाढेला धक्का लागणार नाही, असं एका प्लॅस्टिकच्या कार्डावर छापून आलेलं आहे. तिचे गुडघे, डोळे, साखर, रक्तदाब यांच्याबद्दल इतकं ठाम आजवर कुणी बोललेलं नव्हतं. कार्डाला नंबर आहे, होलोग्रामही आहे.

काम साधं होतं. रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची. तोंडात कापसाचे बोळे, ओठाला लटकलेली थुंकी ओढणारी नळी, अशा अवस्थेत डॉक्टरांनी विचारलं, “काकू, कुठली घालायची?” आणि लॅमिनेट केलेलं दरपत्रक पुढे धरलं. धातूची: वॉरंटी नाही. धातूवर सिरॅमिक: ५ वर्षं. झिर्कोनिया: १०. त्याहून महाग झिर्कोनिया: १५. आई “आँ” म्हणाली. त्याचा अर्थ १५ असा लावण्यात आला.

मी मध्ये तोंड घातलं. “डॉक्टर, तुमच्या मते कुठली?” ते म्हणाले, “शेवटी चॉइस पेशंटचा.” पाच वर्षं बीडीएस, वर तीन वर्षं एमडीएस करून जे डॉक्टरांना ठरवता येत नाही, ते बोळे कोंबलेल्या बाईने आ वासून दीड मिनिटात ठरवायचं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं हो. धातूच्या कॅपसाठी दाढ कमी घासावी लागते. सिरॅमिकवालीत धातू आणि सिरॅमिक अशा दोन थरांना जागा लागते, म्हणून दाढ जास्त घासतात. पुढे वरचा टवका उडू शकतो, हिरडी सरकली की कडेला काळी रेघ दिसते. झिर्कोनिया कणखर खरं, पण साधारणपणे जितकं जास्त पारदर्शक, तितकं कमी मजबूत. यातलं अवाक्षर नाही. उलट शेडची पट्टी दाताशी धरून ए-टू की ए-थ्री यावर जो खल झाला, तेवढा आम्ही बहिणीच्या लग्नाची पैठणी घेतानाही केला नव्हता. मागची दाढ! ती बघायला जबड्यात टॉर्च घेऊन उतरावं लागेल.

घरी येऊन कार्ड उलटं केलं. बारीक अक्षरांत अटी. वॉरंटी कॅपची, दाढेची नाही. खाली दाढ किडली, मुळाशी पू झाला, दाढ उभी चिरली, तर तो प्रश्न दाढेचा. कॅप शाबूत, वॉरंटी शाबूत, फक्त दाढ नाही! झिर्कोनिया म्हणे सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं. आई म्हणाली, “मग अस्थींबरोबर कार्डही द्या गुरुजींना, बदलून मिळेल.” पुढची अट: चुकीचा वापर केल्यास वॉरंटी रद्द. दाढेचा चुकीचा वापर म्हणजे काय, हे फोन करून विचारलं. चकली, चिक्की, सुपारी, कडक लाडू, मटणाची नळी. अहो, मग या दाढेने करायचं काय? गुरगुट्या भाताला दाढ लागत नाही, तो नुसत्या हिरड्यांवर जातो! दाढ चावण्यासाठी असते आणि चावलं की वॉरंटी जाते, हे छापताना कुणालाच हसू आलं नाही? कॅपची कड हिरडीशी नीट बसली का, तिथे किडू नये म्हणून फटीत बारीक ब्रश कसा फिरवायचा, हे सांगायला डॉक्टरांना दोन मिनिटं मिळाली नाहीत. कार्ड जपून ठेवा, हे मात्र रिसेप्शनवरच्या मुलीने तीनदा सांगितलं.

आता बिल. आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता आम्ही इमानेइतबारे भरतो. दर वर्षी वाढतो तो, वॉरंटीशिवाय. एजंटाला फोन केला. दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. किडणं, दुखणं, रात्र रात्र गाल धरून बसणं हा आजार नव्हे, ती बहुधा हौस असावी. मी चिडलो, तसा तो नरमला. म्हणाला, “दादा, काकू जिन्यावरून पडून दाढ तुटली असती, तर अपघातात बसवून काहीतरी करता आलं असतं.”

आई पलीकडून ऐकत होती. म्हणाली, “विचार त्याला, किती पायऱ्यांवरून पडावं लागतं.”