भूगर्भराव

डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारींच्या कंपन्यांमुळे मराठी इंजिनिअरांची वस्ती बरीच, आणि त्या वस्तीत एक तरी भूगर्भराव असतोच. गणपतीच्या महाप्रसादाला मसालेभात ताटात पडायच्या आधीच हा जिओथर्मल वाढायला घेतो. ज्वालामुखीचा याच्याशी काही संबंध नाही, हे तो पहिल्याच घासाला सांगून टाकतो, आणि ते खरंही आहे. वर उणे पंधरा असलं तरी मिशिगनमध्ये खोलवरची जमीन बारमाही १० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. पुरलेल्या पाइपांतून फिरणारं पाणी थंडीत तिथली ऊब वर घरातल्या हीट पंपापर्यंत आणतं आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता खाली सोडून येतं. ‘एक युनिट वीज द्या, साडेतीन युनिटं उष्णता घ्या!’ हे म्हणताना त्याच्या हातातला पापड हवेतच थांबतो. वहिनींनी तोवर टेबल बदललेलं असतं.

माझ्या मते भूगर्भराव यंत्र निवडतच नाही, तो बोअर निवडतो. अंगणात आलेलं ड्रिलिंगचं धूड सगळी गल्ली बघते. ॲटिकमध्ये भरलेलं इन्स्युलेशन बघायला कोण शिडी चढणार? वास्तविक पंपाच्या एका टन क्षमतेला साधारण दीडशे-दोनशे फूट बोअर लागतो. खिडक्यांच्या फटी बुजवून पाच टनांचं काम चारांवर आलं, तर तेवढं खोदकाम वाचतं. पण कोट मागवताना ‘पुढेमागे लागेल’ म्हणून हा सहा टन सांगतो. बचतीचंही तसंच. एका थर्म गॅसमध्ये २९.३ युनिटं ऊर्जा असते. चांगल्या भट्टीतून त्यातली जेवढी घरात येते, तेवढ्यासाठी पंपाला आठेक युनिटं वीज लागते. युनिटला १९ सेंट धरले तर झाले दीड डॉलर, आणि तेवढा गॅस डॉलर-सव्वा डॉलरला मिळतो. म्हणजे साडेतीनपट मिळवूनही बिल चढंच.

यावर तो पर्यावरणाचा मुद्दा काढतो, आणि तो मान्य करायला हवा: घरात काही जळत नाही, बाहेर पंखा घरघरत नाही, जमिनीतले पाइप पन्नास वर्षं सहज टिकतात. मग हौसेपोटी घेतलं म्हणावं की! मोठी गाडी घेताना कुठे कोणी परतफेडीचा तक्ता मांडतं? ‘सात वर्षांत पैसे वसूल’ हा पाढा मात्र गॅसची लाइन असलेल्या घरात म्हणू नये. त्यात ज्या ३० टक्के केंद्रीय करसवलतीवर त्याचं सगळं गणित उभं होतं, ती २०२५ संपताना बंद झाली.

ज्यांचं घर प्रोपेनवर किंवा तेलावर चालतं आणि अंगण ऐसपैस आहे, त्यांनी जिओथर्मल जरूर घ्यावं. बाकीच्यांनी ड्रिलरला फोन करण्याआधी एकदा ॲटिकमध्ये डोकावून यावं.