रातपाळी आणि कॅमोमाइल

चऱ्होली बुद्रुकमध्ये झोप न येण्याची कारणं भरपूर आहेत आणि सगळी स्थानिक आहेत. एका अंगाला लोहगावची धावपट्टी. तिथून सुखोई उडालं की खिडकीच्या काचांसकट अख्खी सोसायटी जागी होते. दुसऱ्या अंगाला इंद्रायणी आणि तिचे डास. नदीपलीकडे चाकणचे कारखाने. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, मग इमारती आल्या आणि त्यांत पाळीवाले राहायला आले. भल्या पहाटे फर्स्टच्या बसला निघालेला माणूस आणि नाईट मारून उतरलेला माणूस एकाच कोपऱ्यावर भेटतात. दोघेही जांभई देतात, फक्त एकाची कालची असते आणि दुसऱ्याची आजची.

अशा घरात एके दिवशी झोपेसाठी कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाचं खोकं येतं. सासूबाई एक घोट घेऊन निकाल देतात, “अगं, हे तर शेवंतीचं निर्माल्य उकळलंय!”

वनस्पतिशास्त्र सासूबाईंच्या बाजूने आहे. कॅमोमाइल शेवंतीच्याच कुळातलं. शेवंतीने शिंका येणाऱ्यांनी त्याच्यापासून जरा लांबच राहावं. त्यातलं एपिजेनिन हे द्रव्य मेंदूत साधारण तिथेच जाऊन बसतं, जिथे झोपेच्या काही गोळ्या बसतात. पण गोळी दारावर धडक देते आणि हे नुसती टिचकी मारतं. चाचण्यांतून हाती आलेला पुरावाही बेताचाच आहे. काढा करायचाच तर झाकण ठेवून पाच-दहा मिनिटं मुरू द्यावा, नाहीतर सुगंधी तेलं वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातात.

मग स्वदेशीचा विचार होतो आणि कुंडीतला गवती चहा तोडला जातो. इथे मराठी माणसाचा घात ठरलेला. गवती चहात कॅफिन नसतं, पण आपण त्यात आलं घालतो, साखर घालतो आणि सवयीने दोन चमचे पत्तीही घालतो. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला अमृततुल्यवर मारलेला कटिंग रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो, आणि त्यावर हा ‘औषधी’ कप. काहीजण झोपेसाठी ग्रीन टी पितात. त्यातही कॅफिन असतं, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं आणि चष्मा नेमका उशाशी काढून ठेवलेला असतो.

जायफळाची कीर्ती मोठी. श्रीखंड-पुरीनंतरच्या झोपेचं श्रेय सगळे चिमूटभर जायफळाला देतात; सोळा पुऱ्यांचं नाव कुणी काढत नाही. सहाणेवर दोन वेढे उगाळून दुधातून घेणं ठीक, पण अख्खं जायफळ पोटात गेलं तर झोपेऐवजी भास होतात आणि दवाखाना गाठावा लागतो. चरकसंहितेने झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध सांगितलंय. गोठ्यांच्या जागी पार्किंग आलेल्या गावात तेही आता पिशवीतूनच घ्यायचं.

सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं. 1999 साली बाझलच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते. आज्जीला हे ‘नेचर’शिवाय ठाऊक होतं. अडचण एवढीच, की घासून घेणारा घोरू लागतो आणि घासणारी जागी राहते.

तज्ज्ञ म्हणतात, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत शांत बसा. वन बीएचकेत दुसऱ्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात.

आणि दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचं काय? पेशींतल्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. ते घड्याळ उजेडावर चालतं, हजेरीपटावर नाही. नाईट करून येणाऱ्याने पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, घरी येताना काळा गॉगल लावावा, गल्लीतल्या पोरांनी हिरो म्हटलं तरी चालेल, आणि खोलीत जाड पडदे लावून मोबाइल बाहेर ठेवावा. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हेच चाललं असेल तर काढे बंद करून डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांना एकच विनंती: वरच्या किंवा खालच्या मजल्यावर रातपाळीवाला राहत असेल, तर फर्निचरचं ड्रिल सकाळी अकराला सुरू करू नका. संध्याकाळी करा, तेव्हा तो कंपनीत जायच्या तयारीत असतो.