गाळाचे सर

कॉन्फरन्सचं पत्रक आलं की सर आधी गाव बघतात. गाव पसंत पडलं तर विषय. सरांचा पेपर एकच, पाझर तलावातला गाळ. उपवर मुलाच्या बायोडेटासारखा तो स्थळ बघून थोडा इकडेतिकडे करायचा. समुद्रकाठचं गाव असेल तर 'किनारी संदर्भात', डोंगर असेल तर 'पर्वतीय संदर्भात'. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं आमंत्रण आलं तेव्हा गाळ तडक पर्वतीय झाला.

आणि मग खरं संशोधन सुरू झालं. तिथून जवळच्या युंगफ्राउयोखची रेल्वे 1912 सालची, शेवटचं स्टेशन 3454 मीटरवर, आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून बोगदा : स्टाफरूममध्ये हे सगळं आम्हाला तोंडपाठ झालं. हाफ फेअर कार्ड कुठे चालतं, कुठे चालत नाही, याचा तक्ता तयार. 'शिखरावरचा कॅमेरा मोबाइलवर दिसतो; ढग असतील तर तिकीट काढायचं नाही,' हा निष्कर्षही. एवढी शिस्त पेपरला लाभली असती तर सर आज कुलगुरू असते.

परिषद मात्र सर पर्यटकासारखी उरकतात. काँग्रेस सेंटरच्या दाराशी फोटो, बॅनरखाली फोटो, परदेशी अध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकून फोटो. (अध्यक्ष किंचित तिरके झालेले दिसतात.) किट घेतलं, कॉफी घेतली, दहा मिनिटांचा पेपर सात मिनिटांत वाचला, सर्टिफिकेट कधी मिळेल ते विचारलं. चला, हे झालं!

इंटरलाकेनची एक सोय तर जणू सरांसाठीच. बेआटेनबर्गच्या उतारावरून उडालेले पॅराग्लायडर गावाच्या मधोमध ह्योहेमाट नावाच्या हिरव्यागार मैदानावर उतरतात, आणि काँग्रेस सेंटर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे दुपारच्या सत्रातून निसटून आकाशमार्गे चहाला हजर. वहिनी खाली व्हिडिओ काढायला उभ्या. त्यांचा खर्च सर स्वतः करतात, आणि हे न विचारता सांगतात. सर आले ते पायलटच्या पुढ्यात लटकत, डोळे मिटून. परिषदेचा बॅज गळ्यात तसाच, वाऱ्यानं उडून तोंडावर फडफडतोय.

"अहो, पाय उचला, पाय!" वहिनी ओरडल्या. सरांनी उचलले, आणि बसूनच स्वित्झर्लंडच्या भूमीवर उतरले. उठल्यावर पहिलं वाक्य : "व्हिडिओत आवाज आला नाही ना?"

दुसऱ्या दिवशी समारोप होता, म्हणून दोघं ब्रिएन्झच्या तलावात बोटीवर. सोबत परिषदेतूनच सटकलेला एक तरुण प्राध्यापक. पाणी असं हिरवट निळं, की वहिनींना खरंच वाटेना.

"हे असं कसं हो?"

त्या मुलानं सांगितलं : हिमनद्या खडक दळतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण नद्यांतून इथे येतं, तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं. उजेड त्यावरून विखुरतो, म्हणून हा रंग.

"अगंबाई, म्हणजे हा तुमचा गाळच की हो!" वहिनी हरखल्या.

सर सेल्फीची काठी लांब करत होते. मान न वळवता म्हणाले, "इथे तरी कामाचं काढू नकोस गं. आणि जरा डावीकडे सरक, डोंगर झाकला जातोय."