तोंड फिरवा!

"तोंड फिरवा," काका म्हणाले.

घर माझं, टेबल माझं, राउटर माझा, आणि पासवर्ड टाकला जात असताना मी भिंतीकडे तोंड करून उभा. गृहपाठ न करणाऱ्याला वर्गात उभं करायचे तसा. बायको चहा घेऊन आली, तिलाही दारातच थोपवलं. टायपिंग संपल्यावर काकांनी तो पासवर्ड कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला, पाकीट डिंकाने चिकटवून जोडावर सही केली आणि माझ्या हातात दिलं. "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दागिने काय, परत करता येतात."

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. एरवी ते राउटरकाका. अशी माणसं पूर्वीही असत. चाळीत फ्यूज बांधणारा एक असे, मग अँटेना फिरवणारा आला, मग केबलच्या दोन वायरी पिळून क्रिकेटचं चॅनेल आणणारा. पण ती सगळी बिचारी उपकारी माणसं होती. काम झालं की चहा पिऊन जात. राउटरकाका आधी जबाब घेतात.

"राउटरचं पान शेवटचं कधी उघडलंत?"

"कसलं पान?"

काका डोळे मिटतात. एक नऊ दोन, एक सहा आठ, एक, एक हा आकडा ते गोत्र विचारल्यासारखा विचारतात. तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं दार उघडतं, आणि निम्म्या घरांत त्या दाराला कुलूप म्हणून अजून 'अ‍ॅडमिन' आणि 'अ‍ॅडमिन' हेच दोन शब्द असतात. फायबर जोडणारा पोऱ्या लाल दिवा हिरवा झाला की जिन्याने उतरलेला असतो, आणि घरमालकाने सगळी अक्कल वायफायला नाव ठेवण्यात खर्च केलेली असते.

मग काका मिराईची गोष्ट सांगतात. २०१६ साली या मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेतल्या आणि जगभरच्या घरांतले कॅमेरे, राउटर असे काही लाख नग बाटवले. त्या फौजेने ऑक्टोबरात हल्ला चढवला, तेव्हा अमेरिकेतल्या भल्याभल्या वेबसाइटी तासन्‌तास आडव्या झाल्या. काका हे पानिपतासारखं सांगतात. शेवटी आवाज कातर होतो. "आणि त्यातला एक कॅमेरा," ते समोरच्याच्या शोकेसकडे बोट दाखवतात, "कुणाचाही असू शकतो."

त्यांची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्यांना फोनच्या भाषेत सांगता येते, आणि खरं सांगायचं तर मला इंटरनेट कळलं ते त्यामुळेच. माझं हिशेबाचं काम. घरच्या पीसीवर टॅली, आणि वर्षातून चारदा सावंतवाडीला जाणं अटळ. तिथे बसून इथला पीसी दिसायला हवा होता. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका सद्‌गृहस्थांनाही तेच हवं होतं, पण काही केल्या त्यांच्या घरात बाहेरून शिरता येईना. काकांनी त्यांच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला. शंभर-ठिपका-चौऱ्याहत्तर असं काहीतरी होतं.

"पीपी नंबर आहे हा," काका म्हणाले.

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. पत्रिकेवर, अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर आणि पुढे कंसात पीपी. तुम्ही शेजारी जाऊन फोन लावू शकता, पण तुम्हाला आलेला फोन शेजाऱ्याने हाक मारली तरच तुमचा. जगात जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४२९ कोटी, ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत शंभर-चौसष्ट ते शंभर-एकशे सत्तावीस अशा पोटनंबरांवर भागवतात. आपण बाहेर जाऊ शकतो. बाहेरून कुणी आपल्याला शोधत आलं तर हाक मारणारा शेजारी नाही. उपाय दोन: महिन्याला जादा पैसे मोजून स्वतःचा कायमचा पत्ता घ्यायचा, नाहीतर नव्या लांबलचक पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही-सिक्सची वाट धरायची. सद्‌गृहस्थ म्हणाले, "राहू दे, मी सुट्टीत कामच करणार नाही." काकांच्या हातून झालेली ही सगळ्यात पक्की सुरक्षा, असं माझं मत आहे.

माझ्याकडे कायमचा पत्ता होता. त्याहून वाईट म्हणजे हुशार भाचा होता. त्याने राउटरमध्ये ३३८९ नंबरचं दार सरळ पीसीवर उघडून दिलं होतं. सावंतवाडीहून झकास चालायचं. काकांनी पीसीची नोंदवही उघडली आणि मला जवळ बोलावलं. रात्री दोनपासून पहाटेपर्यंत कोण कुठले लोक ओळीने 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून आत यायचा प्रयत्न करत होते. दर दोन-तीन सेकंदांनी एक.

"तुम्ही घोरत होता," काका म्हणाले, "आणि लोक कडी हलवून बघत होते."

ते दार त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं. मग वायरगार्ड बसवलं, म्हणजे बाहेरून आपल्याच घरात शिरायचा कुलूपबंद बोगदा. या नावापाशी काका हळवे होतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्याच आठवड्यात लिनक्सच्या गाभ्यात ते अधिकृतपणे आलं. जग घरात कोंडलं आणि घरात शिरायचा चोरमार्ग तयार झाला, हा योगायोग ते पत्रिका जुळल्यासारखा सांगतात. मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, "आपल्या सोसायटीचे उपनियम त्याहून लांब आहेत." पण त्यांना खरं प्रेम आहे ते त्याच्या मौनाचं. किल्ली नसलेल्या कुणी दार वाजवलं तर ते 'नाही' सुद्धा म्हणत नाही. गणपतीच्या वर्गणीवाल्यांनी बेल मारली की टीव्ही बंद करून सगळं घर जसं श्वास रोखून बसतं, तसं. वाजवणारा समजतो घरात कुणी नाही, आणि पुढच्या दाराला जातो.

नियमांच्या बाबतीत माणूस कडक. पासवर्ड न टाकता वायफाय जोडून देणारं राउटरमागचं डब्ल्यूपीएसचं बटण ते पहिल्या मिनिटात मारून टाकतात. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे ऐकायला भक्कम. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा, म्हणून चोराला फार तर ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ सालीच चव्हाट्यावर आलं. "किल्लीचे दोन तुकडे करणारा माणूस," काका म्हणतात, "किल्ली करणाराच नव्हे." पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यावर, भिशी त्यावर, आणि त्यांचा स्वतःचा जावईही त्यावरच. तो गेली आठ वर्षं जावई आहे. काकूंनी एकदा रदबदली केली. काका म्हणाले, "जावई पाहुणाच असतो, हे मी नाही, शास्त्र सांगतं."

याच जावयाकडे, न्यू जर्सीला, उभयता यंदा सहा महिने गेली. जाण्याआधी काकांनी बाल्कनीत तुळशीसमोर कॅमेरा लावला आणि कुंड्यांना पाणी सोडणारा छोटा पंप. दोन्ही कंपन्यांची अ‍ॅपं होती, पण आपली तुळस बघायला परक्या सर्व्हरची परवानगी घेणं त्यांना मंजूर नव्हतं. सगळं वायरगार्डमधून. रोज तिकडच्या रात्री ते इथली सकाळ बघत.

मग एका पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे आठ.

"बोलू शकता? एकटे आहात?"

मला वाटलं, कुणी गेलं. गेलं होतं ते नेटवर्क. रिकामा वेळ होता म्हणून काकांनी तिथून इथल्या फायरवॉलला आणखी एक नियम लावला होता. नियम उत्तम होता. बाहेरून येणाऱ्या कुणालाही आत घ्यायचं नाही. काकांनी 'लागू करा' दाबलं आणि त्या क्षणापासून त्यांच्या घराने, शिकवल्याबरहुकूम, काकांसमोर श्वास रोखला.

एवढ्या तटबंदीची किल्ली होती स्वयंपाकाच्या मावशींकडे, पदराच्या गाठीत. मी लॅपटॉप घेऊन पोचलो. राउटर कोरा करायला मागच्या बारीक भोकात दहा सेकंद काहीतरी खुपसून धरायचं असतं. काकांच्या घरात टाचणी सापडेना. मावशींनी शांतपणे कानातलं काढलं आणि ते काम केलं. दिवे विझले, लुकलुकले, आणि काकांचा राउटर 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' होऊन बसला. मी हे फोनवर बोललो नाही. माणसाचं वय असतं.

जुन्या सेटिंगची प्रत देवघरात, साखरेच्या डबीखाली पेन ड्राइव्हवर होती. तिलाही पासवर्ड. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला काका तयार नाहीत, आणि एका माणसाला सगळा सांगायलाही नाहीत. अखेर तोड निघाली. पहिला अर्धा मला, दुसरा अर्धा मावशींना.

किल्लीच्या तुकड्यांचं ते वाक्य मला आठवलं, पण तीन मिनिटं बोलणी खाण्याएवढा मी जागा झालो नव्हतो. माझा अर्धा मी टाकला. पडद्यावर काळे ठिपके उमटले. मग मावशींनी फोन कानाला लावला, हूं हूं म्हटलं, ओला हात पदराला पुसला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"दादा," त्या म्हणाल्या, "तिकडं तोंड करा."

सगळं पूर्ववत झालं तेव्हा न्यू जर्सीत काकांना सगळ्यात आधी जे दिसलं, ते म्हणजे त्यांच्या बाल्कनीत, तुळशीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा असलेला मी.